खरेदीवर नाव टाकून फ्री

समोरच्या दुकानदाराची विक्री वाढावी म्हणून स्वतःच्या खिशातून महिन्याला सहा हजार घालणारा अख्ख्या परभणीत माझ्याशिवाय कुणी नसंल. बूस्टचे, म्हणजे आपला व्हिडिओ जास्त लोकांना दिसावा म्हणून इन्स्टाला द्यायचे, पैसे वेगळे, अन् त्या बूस्टवर 18 टक्के जीएसटी, तो आणखी वेगळा.

आमचं भांड्याचं दुकान वडिलांपासूनचं. जाहिरात म्हणजे काय, तर फेब्रुवारीत उरुसाला रिक्षावर भोंगा लावून फिरवायचा, दिवाळीला कॅलेंडर वाटायचे, अन् लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला चहा पाजायचा. मग आमच्या चुलत भावाचं पोरगं पुण्याहून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आलं. हे पोरगं आधीपासूनच त्यातलं. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तर घरात सुतक पडल्यासारखं बसलं होतं, पुढच्याच महिन्यात इन्स्टावर रील सुरू झाले तेव्हा कुठं जेवायला लागलं. ते म्हणालं, "काका, तुमचा डिजिटल प्रेझेन्स झिरो आहे." हे त्यानं अशा चेहऱ्यानं सांगितलं की मला वाटलं रिपोर्ट आला. बायको म्हणाली घरचंच पोरगं आहे, द्या त्याला महिन्याला सहा हजार. दिले.

पहिल्या रीलला त्यानं मला गॉगल घातला, उलट्या घंगाळावर बसवलं, अन् पितळी हंड्यावर बोटानं ठण्ण करून म्हणायला लावलं, "जगात जर्मनी, भारतात परभणी! वाजवून बघा, तोलून घ्या, खरेदीवर नाव टाकून फ्री!" जर्मनीची लाईन नसलेला रील परभणीत निघतच नाही, पोलिसात गुन्हा दाखल होत असंल बहुतेक. तर हा रील चालला. लई चालला. दुकानात कुणी आलं नाही ते सोडा.

म्हणजे बघितलं कुणी तर चाकणच्या पोरांनी. हिंजवडी, वाघोली, तिकडच्या. आपलीच पोरं आहेत सगळी, कंपनीत बारा-बारा तास उभी राहतेत अन् रात्री रूमवर पडून परभणीचं काय दिसलं की बघतेत. कमेंटी काय, "मिस यू परभणी", "काका एक नंबर", "गांधी पार्क दाखवा ना एकदा". वाचून मला खरंच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते पोरगं तिथं खोलीत एका कुकरवर चौघं भागवतंय, ते माझ्याकडून पितळी हंडा घेणार आहे का? मी म्हणलं बूस्ट परभणीच्या आसपास ठेव. ठेवला. तर आसपासचे लोक म्हणाले हा माणूस ह्या वयात असं कामून करायलाय, घरी सगळं बरं आहे ना.

व्हॉट्सॲपचं तर बोलूच नका. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतेत, पण मेसेज जातो तो ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच. आता माझा नंबर कुणी सेव्ह केलाय? ज्यांच्याकडं माझी उधारी आहे त्यांनी. फोन आला की ओळखू यावा अन् उचलू नये म्हणून. म्हणजे 'आकर्षक सवलत' जाते ती नेमकी बुडव्यांना. त्यातल्या एकानं अंगठा पाठवला, पैसे नाही.

तर 18 मे. कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन, खरिपाचा मेळावा असतो, बियाण्यासाठी जिल्ह्यातून अन् जिल्ह्याबाहेरून लोक येतेत, वरून लग्नसराई, त्यामुळं बाजारात गर्दी. दुपारी एक मामा आले, मानवतकडचे. डोक्याला टॉवेल, खांद्यावर बियाण्याची पिशवी, बरोबर नातू, नातवाच्या हातात मोबाइल. दुकानात आले ते भांड्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

"तुमीच का ते?"

"कोण ते?"

"ते ओ, गॉगलवाले. घंगाळावर बसतेत ते."

मी होय म्हणलं. मामा लगेच खुर्चीवर बसले, पिशवी टेबलावर ठेवली, अन् म्हणाले, "म्हना की एकदा." मी म्हणलं मामा, काय दाखवू भांडे, आंदणाचे आहेत का? "आंदनाचेच हायेत, पोरीचं लग्न हाय. आधी म्हना." नातवानं मोबाइल उभा धरलेलाच. गिऱ्हाईक आहे, आंदण आहे, म्हणजे हंडा-कळशी, परात, ताटं-वाट्या, बरंच निघतं. मी म्हणलं. नातू म्हणाला आजोबा मधी आले, परत. परत म्हणलं. "गॉगल न्हाई का?" काउंटरच्या ड्रॉवरमधून गॉगल काढला. हे लिहिताना सुद्धा माझे कान गरम व्हायलेत.

चहा झाला. मग मामांनी बंडीच्या खिशातून लोहचुंबक काढला. जुन्या रेडिओच्या स्पीकरचा गोल असतो ना, तो. म्हणाले, "आमी बी बघतो मोबाइल. चुंबक चिकटलं की माल खोटा." आता ह्याला मी काय करू? हे रील मी काढलेलं नाही, दुसऱ्याच कुण्या दाढीवाल्यानं काढलंय, अन् त्याला माझ्यापेक्षा जास्त लोक बघतेत. खरं म्हणजे 304 ग्रेडच्या भारी स्टीलच्या ताटाला चुंबक चिकटत नाही अन् 202 च्या हलक्या स्टीलच्या ताटालाही चिकटत नाही, फरक आहे तो निकेलचा, तो चुंबकाला काय कळणार. अन् इंडक्शनवरच्या कढईच्या बुडाला चुंबक चिकटणारं स्टील मुद्दाम लावतेत, नाहीतर शेगडी तिला ओळखणारच नाही. मी हे सगळं सांगितलं. मामा मान हलवत राहिले, अन् सगळ्यात स्वस्त 202 च्या ताटाला चुंबक लावून "हे बेस्ट" म्हणाले, अन् माझ्या दुकानातल्या सगळ्यात महाग कढईला चुंबक लावला तर तो टक्क करून बसला. नातवानं ते शूट केलं. मामा माझ्याकडं असे बघायला लागले की मीच ती कढई त्यांच्या खिशातून काढलीय.

पण रागावले नाहीत. उलट फार मायेनं म्हणाले, "असू द्या मालक. धंदा हाय, व्हतं असं. जरा बाजारात जाऊन येतो."

बाजारात जाऊन येतो म्हणलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे मी लहानपणापासून बघतोय. हे आले. तासाभरानं आले. नातवाच्या डोक्यावर पितळी हंडा, हातात कळशी अन् परात, सगळं समोरच्या दुकानातलं, त्याच्या नावाच्या पिशवीसकट. हंडा माझ्या काउंटरवर ठेवला अन् म्हणाले, "नाव टाका."

मी म्हणलं मामा, हे तुम्ही समोरून घेतलंय.

"हाव."

"मग नाव त्यांच्याकडून टाकून घ्या की."

"त्येंच्याकडं मशीन न्हाई. अन् तुमी फ्री म्हनले."

"मामा, खरेदीवर फ्री म्हणलो मी."

"मंग? खरेदी केली की. पावती दावू?" अन् खरंच पावती काढली. "कुठून करायची ते कुठं सांगितलं तुमी रीलमधी? लाव रे, लाव ते." नातवानं रील लावला. माझाच आवाज, माझाच गॉगल, खरेदीवर नाव टाकून फ्री, ठण्ण. दुकानात तोवर चार माणसं जमलेली. त्यातला एक म्हणाला, मामाचं बरोबर आहे. कायद्यानं बरोबर आहे. हा मनुष्य कोण, कुठला, काय घ्यायला आला होता, मला आजपर्यंत माहीत नाही, पण तो कायदा म्हणाला अन् सगळे गप्प झाले.

मी विचारलं, मामा, एवढं आलेच होते तर घेतलं का नाही माझ्याकडून? भाव जास्त होता का? तर म्हणाले, "भाव कुठं इचारला आमी. तुमी आता टीव्हीतल्यावानी मोठे झालेत. मोठ्या मानसाकडं महागच असतंय. समोरचा गरीब हाय बिचारा, त्येचं कोन बघतंय."

समोरच्या गरिबानं मागच्याच वर्षी जिंतूर रोडला दोन प्लॉट घेतलेत.

टाकलं नाव. काय करणार? मशीन लावली, टर्रर्र, चि. सौ. कां. पासून सप्रेम भेटपर्यंत सगळं हंड्याच्या गळ्याभोवती गोल फिरवून. पितळेवर नाव टाकायला हात स्थिर लागतो, वेलांटी घसरली तर जन्मभर तशीच राहते, अन् राग आला तरी माझा हात हलत नाही, एवढं एक माझं आहे. परातीवर पण टाकलं. कळशीवर टाकताना मामा म्हणाले जरा हळू, नातवाचं शूटिंग चाललंय.

संध्याकाळी नातवानं तो व्हिडिओ टाकला. खाली लोकेशन समोरच्या दुकानाचं. माझ्या आजपर्यंतच्या कुठल्याच रीलला एवढे व्ह्यूज नव्हते. समोरच्यानं तो स्वतःच्या स्टेटसला ठेवला अन् दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या टायमाला येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, अक्षर लई वळणदार हाय बरं का तुमचं." तेव्हापासून त्याचं गिऱ्हाईक खरेदी करतं अन् रस्ता ओलांडून माझ्याकडं येतं. काहींना तर वाटतं आमची पार्टनरशिप आहे.

मी पुतण्याला म्हणलं ती लाईन काढ रीलमधून. तो म्हणाला एकदा टाकलेल्या रीलचा आवाज बदलता येत नाही, डिलीट करावा लागंल, अन् डिलीट केला तर रीच मरतो. रीच मरतो म्हणताना त्याचा चेहरा टिकटॉक गेलं तेव्हासारखा झाला. मी म्हणलं मग खाली काहीतरी लिही बाबा, लोकांना कळू दे. त्यानं कॅप्शन एडिट करून लिहिलं, 'अटी लागू'. कुठल्या अटी ते नाही लिहिलं, म्हणाला तेवढं कुणी वाचत नाही.

दहा मिनिटांत त्याच्याखाली चाकणवरून कमेंट आली, "काका, हंडा इकडं घेतलाय. नाव टाकायला कुरिअर केला तर चालंल का?"