कळसूबाईच्या रात्रीच्या चढाईबाबत आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सविनय नमस्कार.

डिसेंबरातील दुसऱ्या शनिवारी आपण अकरा मित्र आमच्यासोबत कळसूबाईच्या रात्रीच्या चढाईला आला होतात. त्याविषयी आपण येथे एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आयोजकाच्या ढिसाळपणामुळे सूर्योदय हुकला, लीडर अर्ध्या वाटेतून गायब झाला, जेवण गार होते आणि माणशी साडेचौदाशे रुपये पाण्यात गेले, असे आपले म्हणणे आहे. रात्रभर जागून, थंडीत चढून ज्यासाठी आपण गेलात तो सूर्योदय आपल्याला शिखरावरून दिसला नाही, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

जेवणाबद्दल एवढेच सांगतो की, शिदोरीत धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी असेल हे आम्ही आधीच कळवले होते, आणि धपाटे हे प्रवासात गारच खाल्ले जातात. ते माझ्या पत्नीने त्या दिवशी दुपारी चारपासून उभे राहून केले होते. तरीही आपल्याला ते आवडले नसतील तर माझी तक्रार नाही.

‘ढिसाळपणामुळे’ हा शब्द मात्र मला मान्य करता येत नाही. आमच्या प्रत्येक मोहिमेत लीडरजवळ एक छोटी वही असते आणि प्रत्येक टप्प्यावरची वेळ तो त्यात लिहितो. त्या रात्रीची वही या क्षणी माझ्यासमोर आहे. दवाने तिची दोन पाने चिकटली आहेत, तरी आकडे वाचता येतात.

क्रांती चौकातून रात्री नऊला निघायचे, असे आपल्याला तीन वेळा कळवले होते. जालन्याहून आलेले एक शिक्षक दांपत्य आणि त्यांची सातवीतली मुलगी पावणेनऊपासून गाडीत बसून होते. आपल्यापैकी सात जण सव्वानऊपर्यंत आले. उरलेले चौघे सिडकोत एका मित्राच्या घरी वाढदिवसाचा केक कापून येणार होते, ते दहा वाजून वीस मिनिटांनी आले. वाढदिवस वर्षातून एकदाच येतो हे मला समजते, म्हणून त्या वेळी मी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. माळीवाड्याहून समृद्धी महामार्गाला लागून भरवीरला उतरेपर्यंत चालकाने एक मिनिटही वाया घालवला नाही, पण वेगमर्यादा ओलांडून वेळ भरून काढ, असे मी त्याला कधीही सांगणार नाही. पुढे घोटीत चहासाठी पंधरा मिनिटे ठरली होती. तिथे मिसळीची ऑर्डर गेली आणि पन्नास मिनिटे लागली. ऐंशी मिनिटे इथली आणि पस्तीस तिथली, म्हणजे पावणेएकला बारी गावात पोहोचणारी गाडी दोन वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचली.

सव्वा तासाची विश्रांती घेऊन दोनला चढायला लागायचे, असे आमचे नियोजन असते. साधारण साडेतीन तासांत गट वर जातो आणि सूर्योदय त्या दिवसांत सातच्या सुमारास होतो, म्हणजे सव्वा ते दीड तासाची सवड आम्ही मुद्दाम ठेवतो. त्याहून लवकर नेत नाही, कारण माथ्यावर कळसूबाईच्या देवळाभोवतीची जागा अगदीच थोडी आहे, आणि घामाने भिजलेल्या कपड्यांनी त्या वाऱ्यात दोन-दोन तास बसवून ठेवणे बरे नव्हे. त्या रात्री विश्रांती पंचवीस मिनिटांवर आणून तीन वाजून पाच मिनिटांनी चढाई सुरू केली. गावातून जाताना आपल्या मित्राला स्पीकर बंद करायला सांगितले, ते आपल्याला उद्धटपणाचे वाटले. पण त्या घरांमध्ये माणसे झोपलेली असतात, आणि सकाळी परतल्यावर आपल्याला चहा तीच माणसे देतात.

आता ‘गायब झालेल्या’ लीडरविषयी. तो माझा सख्खा भाचा आहे, आणि म्हणूनच हे वाक्य मला अधिक लागले. आमच्या पद्धतीत गावातला वाटाड्या पुढे असतो आणि लीडर सर्वांत मागे, शेवटच्या माणसाबरोबर चालतो. आपण पुढच्या पाच जणांत होतात, त्यामुळे तो आपल्याला दिसला नाही हे खरे आहे. तो दुसऱ्या शिडीच्या खाली, हेडटॉर्च दातात धरून, आपल्याच एका मित्राच्या बुटाचा निघालेला सोल सुतळीने बांधत होता. पांढरे, नवेकोरे दिसणारे, पण बरेच दिवस कपाटात पडून राहिलेले ते बूट होते. चांगल्या पकडीचे आणि वापरातले बूट आणावेत, ही सूचना आमच्या यादीत पहिलीच आहे. ती सुतळी धपाट्यांच्या पिशवीची होती. त्यात वीस मिनिटे गेली. आपण लिहिता की आम्ही तरुण मंडळी दोन तासांत वर गेलो असतो. गेलाही असतात, पण रात्रीच्या अंधारात गटाची चाल ही सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल असते, आणि हा नियम मी कोणत्याही सूर्योदयासाठी मोडणार नाही.

माझी चूक कुठे झाली तेही सांगतो. कळसूबाई 1646 मीटर उंचीचे, राज्यातले सर्वांत उंच शिखर असल्याने हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री पुणे, मुंबई, नाशिक अशा सगळीकडून गट येतात आणि लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते. शिडीवर कुणी मध्येच घाबरून थांबला की खालचे सगळे थांबतात. या रांगेसाठी मी दहा मिनिटे धरली होती, प्रत्यक्षात अर्धा तास गेला. त्यामुळे सात वाजून पंचवीस मिनिटांनी आपण वर पोहोचलात. वीस मिनिटांचा तो फरक माझ्या हिशेबातला आहे आणि तो मी कबूल करतो. ऐंशी आणि पस्तीस मिनिटांचा मात्र माझा नव्हे. जालन्याच्या त्या मुलीलाही सूर्योदय दिसला नाही. ती वेळेवर आली होती.

अर्धे पैसे परत करण्याच्या आपल्या मागणीविषयी: गाडी सतरा आसनी होती, माणसे चौदा होती, आणि डिझेल, टोल, वाटाड्याचे मानधन व बारीतल्या चहा-नाश्त्याचे पैसे सूर्य दिसो वा न दिसो द्यावेच लागतात. आमचा धंदा पावसाळा आणि हिवाळा या दोन हंगामांवर चालतो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातून कुणी डोंगर चढायला निघत नाही. आपल्या अभिप्रायानंतर एका महाविद्यालयाच्या गटाने ‘विचार करून कळवतो’ असा निरोप दिला आहे. हे मी आपल्यावर दोष टाकण्यासाठी लिहीत नाही, पण एका ताऱ्याची किंमत आमच्यासारख्या लहान माणसाला काय पडते ते आपल्याला माहीत असावे. आपण पुन्हा येणार असाल तर मी शुल्कात योग्य ती सवलत अवश्य देईन. शिड्यांवरच्या रांगेचा वेळ यापुढे नीट धरला जाईल, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी किती थांबवायची याबाबतही काहीतरी ठरवावे लागेल.

एक विनंती राहिली. उतरताना सुतळी तुटली तेव्हा भाच्याने स्वतःचे बूट, नऊ नंबरचे, तपकिरी, आपल्या त्या मित्राला दिले आणि तो स्वतः रबरी चपलांवर शिड्या उतरला. ते बूट अद्याप परत आलेले नाहीत. येत्या शनिवारी त्याला पुन्हा गट घेऊन जायचे आहे, तेव्हा शुक्रवारपर्यंत ते आमच्या दुकानात पोहोचवण्यास आपल्या मित्राला सांगावे. त्यांचे पांढरे बूट आम्ही पिशवीत घालून ठेवले आहेत.

आपला नम्र,
संचालक, छत्रपती संभाजीनगर