काका, बॉटलनेक होईल

गेमही बरे चालावेत आणि व्हिडिओही विनातक्रार कापता यावेत, तेही मध्यम बजेटमध्ये, यासाठी मी कॉम्प्युटरच्या पार्ट्सची यादी केली होती. ती टेबलावर पडली होती. काल भाच्याकडे त्याचा मित्र आला आणि त्याने ती उचलली. असेल पंधरा वर्षांचा. त्याला कुणीही काहीही विचारलं नव्हतं.

"काका, गेमिंग पीसी? कोण खेळणार?"

"मी."

त्याने भाच्याकडे बघितलं. पेशंटच्या खोलीतून बाहेर पडलेले नातेवाईक एकमेकांकडे बघतात, अगदी तसं. कुचेष्टा केली असती तरी परवडलं असतं. मग त्याने माझंच पेन घेतलं (ते अजून परत आलेलं नाही) आणि पेपर तपासावा तशी यादी तपासायला बसला.

पहिली काट प्रोसेसरवर. "इंटेलच घ्यायचाय तर एफवाला घ्या ना, स्वस्त पडतो."

मी म्हणालो, बाबा रे, एफवाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं. ते गेलं की क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ भराभर उलगडून देणारी इंटेलची सोय, गेली, आणि कॅमेऱ्याचं एचईव्हीसी (घट्ट दाबलेलं) फुटेज टाइमलाइनवर अडखळू नये म्हणून मला तीच हवीय.

"पण त्याने गेमचे एफपीएस, सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढतात का?"

"नाही."

"मग काय उपयोग? एडिटिंग कशाचं करता तुम्ही?"

"ट्रेकच्या व्हिडिओंचं."

"ते मोबाइलवर होतं की, काका."

मी गप्प बसलो. तो बसला नाही. ३२ जीबी रॅम, १६च्या दोन स्टिक: "बॉटलनेक होईल." (म्हणजे एक मंद पार्ट बाकीच्यांना अडवून धरणार.) ६५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा: "बॉटलनेक." समोर जाळी असलेलं साधं, हवेशीर कॅबिनेट: पुन्हा तेच. अरे, कॅबिनेटने कसला बॉटलनेक? "लाइट नाहीत ना त्यात." समोर काच लावून आत इंद्रधनुष्य पेटवलं की हवा कुठून येणार, हे विचारल्यावर म्हणाला, "अजून तीन फॅन लावायचे. तेही लाइटवाले."

प्रत्येक ओळीपुढे त्याचा शेरा एकच होता: थोडं बजेट वाढवा. ग्राफिक्स कार्ड थोडं वरचं घेतलं की एसएमपीएस थोडा मोठा लागतो. कार्ड लांबीला जास्त म्हणून कॅबिनेट बदलायचं, आणि एवढं केल्यावर प्रोसेसर बिचारा वाटायला लागतो म्हणून तोही वरचा. दुसऱ्याच्या खिशातलं 'थोडं' कायम थोडंच असतं.

आता पोराला तरी किती बोलायचं? मुळात हे सगळं गिऱ्हाइकाने गोंधळावं म्हणूनच रचलंय, असा माझा ठाम संशय आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड २०२१मध्ये आलं तेव्हा त्यावर १२ जीबी मेमरी होती. २०२३च्या ४०६०वर ८! नावातला आकडा हजाराने वर, मेमरी चार जीबीने खाली. ४०६० टीआय तर एकाच नावाने ८ जीबीतही मिळालं आणि १६ जीबीतही. गेम खेळणारा सेटिंग उतरवून वेळ मारून नेतो. पण फोर-के टाइमलाइनवर दोन जड इफेक्ट चढवले की 'जीपीयू मेमरी फुल', म्हणजे कार्डाची मेमरी संपली, असं दिसतं, तेव्हा मी काय उतरवू? ट्रेक?

रॅमचंही तेच. खोक्यावर वेग म्हणून ठसठशीत ६००० छापायचं, आणि गिऱ्हाइकाने बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) शिरून एक्सएमपी, म्हणजे तो छापलेला वेग देणारं सेटिंग, चालू करेपर्यंत ती आपली ४८००च्या आसपास रेंगाळणार. एसएमपीएसवर 'गोल्ड' लिहिलेलं असतं, ते वीज किती कमी वाया जाते यासाठी. आतला माल किती टिकेल याचा त्या शब्दाशी संबंध नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटावं याची सोय मात्र चोख. पैसे आपण मोजायचे, अभ्यासही आपणच करायचा, आणि वर एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराकडून तो तपासूनही घ्यायचा.

जाताना दारातून त्याचा शेवटचा सल्ला आला: "काका, थांबा थोडं. पुढची सिरीज येईल." पुढची सिरीज येणारच. त्याच्यापुढचीही येणार. हा हिशेब धरला तर माणसाने कधीच काही विकत घेऊ नये.

तो गेल्यावर मी भाच्याला चांगलाच धरला. तो म्हणाला, "मामा, तू चिडू नकोस, पण त्याला यातलं खरंच कळतं."

"आणि मला?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तुला ट्रेकमधलं कळतं ना."