टोपणनावाला गॅझेट कशाला?

दिवाळी अंकांना मजकूर पाठवायचे दिवस आले की मुंबईतल्या लेखकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: टोपणनाव ही नाव लपवणाऱ्यांची पळवाट, ते आधी गॅझेटात, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून घ्या, नाहीतर कॉपीराइट नाही आणि मानधनही नाही.

लपवण्याचं म्हणाल, तर केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा आणि कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. यात दडलंय काय? घरचं नातंच उघड सांगितलंय. शिरवाडकरांच्या कविता कुसुमाग्रज नावाने, नाटकं स्वतःच्या. खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू. एकाच दुकानाच्या दोन पाट्या. नाव खरंच दडवलं ते मालतीबाई बेडेकरांनी, 1933 साली ‘विभावरी शिरूरकर’ होऊन. त्या नावाने आलेल्या पुस्तकावर उठलेला गदारोळ पाहता ते शहाणपणच म्हणायचं.

गॅझेटचं तर काही कामच नाही. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडे जायचं ते कागदोपत्री नाव बदलायला. टोपणनाव घेतलं म्हणून पॅनवरचं नाव बदलत नाही. एजंटाचे पैसे वाचवा.

कॉपीराइट मजकूर लिहिला की आपोआप लागू होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. फरक पडतो तो मुदतीत, आणि नेमकं तेच फॉरवर्डमध्ये नाही. 1957 च्या कायद्याप्रमाणे एरवी लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. टोपणनावामागचा माणूस अज्ञात राहिला तर प्रसिद्धीनंतर 60. म्हणजे 1990 चं पुस्तक 2050 अखेर मोकळं. त्याआधी लेखक आणि प्रकाशक दोघांनी ओळख जाहीर केली, तर मृत्यूपासूनचा हिशोब लागतो. कुसुमाग्रज कोण हे सगळ्यांना ठाऊक, ते 1999 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कवितांवरचा हक्क 2059 अखेरपर्यंत.

म्हणून करारात दोन्ही नावं घाला: आधी पॅनवरचं, पुढे ‘लेखननाव अमुक’. नुसत्या टोपणनावावर करार झाला आणि पुढे प्रकाशन बंद पडलं, तर लेखक कोण हे सिद्ध करताना वारसांच्या नाकी नऊ येतात.

मानधन अडतं ते चेकवर टोपणनाव पडल्यामुळे. त्या नावाचं खातंच नसतं, बँक चेक परत करते. कथेखाली टोपणनाव आणि सोबतच्या मेलमध्ये ‘चेक या नावाने’ अशी वेगळी ओळ, एवढं पुरतं. ही ओळ कथेच्या फाइलमध्ये मात्र घालू नका. घाईत तीही छापली जाते.