गावाचा इतिहास लिहा, पण जपून

तुम्हाला गावाचा इतिहास लिहायचाय आणि त्या अभ्यासाच्या जोरावर निसर्गही वाचवायचाय? उत्तम. घरात दुसरं कुणी कमावतं आहे ना, तेवढं आधी पाहून घ्या.

विषय निवडताना शक्यतो लढाई निवडावी. लढाईला तारीख असते, तारखेला सोहळा असतो आणि सोहळ्याला व्याख्यात्याला न्यायला गाडी येते. तुम्हाला मात्र गायरान कुणाच्या ताब्यात होतं, कुरणात विळा कधी लागायचा, देवराईतलं पडलेलं लाकूड कोण उचलायचं, असले प्रश्न पडतात. त्यावर फ्लेक्स कसा छापणार? आणि ज्या गावाबद्दल लिहिता तिथले लोक अजून हयात आहेत, हा धोका वेगळाच.

मोडी तर अजिबात शिकू नका. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. इतकी वर्षं थांबलेत, आणखी थांबतील. शिकलात की भाऊबंदकीत अडकलेला प्रत्येक जण पणजोबांचं वाटणीपत्र घेऊन दारात हजर. 2023 साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, आणि 'त्या मोडीला स्कोप काय हो?' म्हणणाऱ्यांनाच ते लागू लागले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करायचे, हे खरं. पण त्यांच्या मागे महाविद्यालयांना श्रेणी देणारं नॅक नव्हतं आणि शोधनिबंधाला गुणही मिळत नव्हते.

तुमच्या मागे दोन्ही आहेत. प्राध्यापकीची सेट परीक्षा झालात, पीएचडी झालात की तासिका तत्त्वावर नेमणूक मिळेल. म्हणजे तास शिकवाल त्याचे पैसे, आणि तेही सावकाश. कायम जागेच्या मुलाखतीला गेलात की इतिहासवाले म्हणतील, 'हे तर वनस्पतिशास्त्र झालं.' वनस्पतिशास्त्रवाले संदर्भसूची चाळतील आणि इनामपत्रं पाहून म्हणतील, 'हा तर इतिहास.' तुमचा विषय दोन्ही खात्यांच्या शिवेवर पडतो, आणि शिवेवरच्या जमिनीचं काय होतं हे तुमच्यापेक्षा चांगलं कोण जाणतं? उपाय सोपा आहे. शीर्षकात 'शाश्वत विकास' घाला आणि आत काय वाटेल ते लिहा. आतलं कोणी वाचत नाही.

आता निसर्गाकडे वळू. इथे तुमची खरी मागणी आहे, फक्त ती कशासाठी आहे ते नीट समजून घ्या. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला 'आपल्या परंपरेत पर्यावरण' या विषयावर वीस मिनिटं बोलणारा लागतो, तो तुम्ही. मराठेशाहीतल्या राज्यनीतीच्या 'आज्ञापत्रा'तला झाडांचा उतारा म्हणून दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या, खाली बसायचं. तो उतारा आरमाराच्या प्रकरणात येतो, मुद्दा जहाजांच्या लाकडाचा आहे, रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं बळजबरीने तोडू नयेत असं तिथे बजावलंय आणि म्हणून तो पर्यावरणाइतकाच रयतेच्या हक्काचाही कागद आहे, हे सगळं पोटात ठेवायचं. सांगितलंत तर पुढच्या वर्षी दुसरा वक्ता येतो.

त्यात तो कार्यक्रम माळावर असला तर जिभेला कुलूपच लावा. महाराष्ट्रात 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडं लावायची उद्दिष्टं होती. एवढ्या झाडांना जागा कुठली? जी मोकळी दिसते ती. मोकळी म्हणजे माळ. एकोणिसाव्या शतकात इंदापूर भागापासून सुरू झालेल्या इंग्रजी मोजणीने जमिनीकडे शेतसाऱ्याच्या नजरेने पाहिलं. पिकत नाही ती पड, नाहीतर पोटखराबा. तो शेरा कागदावर बसला तो बसलाच. पुढे सरकारं बदलली, शेरा तसाच राहिला, आणि आता त्या 'पडीक' जमिनीवर उपकार म्हणून आपण खड्डे घेतो.

अशा वेळी एका रोपाला अकरा हात लागलेले असतात, फोटोवाला 'अजून थोडं खाली वाका' म्हणत असतो. रोप गिरिपुष्पाचं, मूळ मध्य अमेरिकेकडचं. खड्ड्यातून उपटून बाजूला टाकलेल्या ढेकळात माळाची गवतं असतात: पवन्या, कुसळी, मारवेल. एखादा धनगर मेंढरं घेऊन लांब उभा असतो, कारण त्याला आता कुंपणाबाहेरून जायचं आहे. तुमच्या पिशवीत त्याच माळाच्या चराईचा, वनचराई नावाच्या कराचा जुना कागद असतो. पिशवीची चेन ओढून घ्या. जुन्या मराठी ओव्या-कथांतल्या झाडाझुडपांवरून पश्चिम महाराष्ट्रातले गवताळ माळ शेकडो वर्षांचे आहेत, जंगल तोडून झालेले नाहीत, असं अलीकडे संशोधकांनी दाखवलंय म्हणतात. दाखवू दे. माळावरचा लांडगा आणि धाविक पक्षी मतदार यादीत नाहीत.

देवराईचं प्रकरण त्या मानाने गोड. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून देवराई सगळ्यांनाच आवडते. फक्त तुम्ही 'देवाच्या भीतीने लोकांनी जंगल राखलं' एवढंच म्हणा. भीतीबरोबर नियम होते, दंड होता, कुणाला बेहडा वेचता येईल आणि कुणाला नाही यावरून भांडणं होती, खालच्या शेतांचं पाणी त्याच राईतून येत होतं, हे काढू नका. गावाने जीर्णोद्धार काढला, राईतली झाडं काढून सिमेंटचा सभामंडप आणि पार्किंग झालं, तर देणगीदारांच्या फरशीवर आपलं नाव कोरून घ्या. शिलालेखाच्या अभ्यासकाला एवढा मान हवाच.

सरकारी काम आलं तर सोडू नका. जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याबद्दलच्या लोकांच्या ज्ञानाची नोंद, करायची. देशभर कासवगती चालली होती. मग हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, चुकल्यास राज्याने महिना 10 लाख भरायचे, आणि लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानाला एकदम वेग आला. घाईत एका गावाची वही दुसऱ्या गावाला जोडली तर माळावर कांदळवन उगवणारच. घाबरू नका, वही कपाटात जाते. तुम्ही जर म्हाताऱ्या बाईशेजारी बसून रानभाज्यांची नावं एकेक करून लिहीत राहिलात, तर मुदत गेलीच समजा.

एक मोह मात्र निक्षून टाळा. जंगलावर पिढ्यांपासून जगणाऱ्यांचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा 2006 चा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या गावाला जुना पुरावा हवा असतो. नियमांत गॅझेटियर चालतं, गावाच्या जंगलवापराची नोंद असलेलं निस्तारपत्रक चालतं, वडीलधाऱ्यांचं सांगणंही चालतं. म्हणजे तुमची विद्या एकदाची कुणाच्या तरी कामाला येणार. आली की संपलात. संवर्धनवाले म्हणतील तुम्ही अतिक्रमणाला साथ दिलीत, विभागप्रमुख विचारतील याचे गुण कुठल्या रकान्यात धरायचे, आणि गाव तुम्हाला जेवायला थांबवून घेईल.

थांबलात तर प्रवासभत्त्याचं बिल मार्चअखेरच्या आत टाका. मुक्कामाची पावती मागतात, आणि ज्यांच्या ओसरीवर झोपलात त्यांच्याकडे जीएसटी क्रमांक नसतो.