गंज विकत घेणारा माणूस

आमच्या घरात फॉस्फेट हा शब्द रोज चारदा तरी निघतो. तीनदा माझ्या तोंडून, चौथ्यांदा बायकोच्या. तिचा चौथा माझ्या तिन्हींना भारी पडतो.

खाऱ्या पाण्याची टाकी, आत कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ आणि चार खादाड मासे. त्यांनी खाल्लेलं, सांडलेलं सगळं शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होऊन पाण्यात उतरतं आणि काचेवर शेवाळ चढतं. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असावं. माझं निघालं ०.२५. मग ते शोषून घ्यायला जीएफओ आणलं. म्हणजे फेरिक ऑक्साइडचे दाणे, म्हणजे गंजाचे सख्खे भाऊ. जन्मभर खिडक्यांचा गंज घासला, आता तोच डबा भरून विकत!

हे दाणे रिॲक्टरमध्ये, म्हणजे टाकीचं पाणी ज्यातून फिरवतात त्या नळकांड्यात, भरण्याआधी धुवायचे असतात. पहिलं पाणी विटकरी, दुसरं विटकरी, सातवंही विटकरीच. आठव्यापर्यंत बेसिन, माझा बनियन आणि पांढरा टॉवेल एकाच रंगाचे झाले होते. टॉवेल माझा नव्हता.

डब्यावर लिहिलं होतं, थोड्यापासून सुरुवात करा. मी दुप्पट भरलं. चार दिवसांनी टेस्ट केली, परीक्षानळी पांढऱ्या कार्डावर धरून बायकोला विचारलं, "निळसर वाटतंय का गं?"

"मला तर नुसतं पाणीच दिसतंय."

शून्य! शाळेत शून्य मिळालं तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

आठवड्यात कोरल पांढुरके पडले. फॉस्फेट एकदम खेचून घेतलं की ते उपाशी पडतात, हे मला तेव्हा कळलं. पाठोपाठ वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे आले, टोकाला बुडबुडे: डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. अन्न संपलं की शेवाळ हटतं आणि रिकाम्या जागेवर हे पाहुणे पथारी पसरतात. त्यांच्यापुढे जुनं शेवाळ अगदी सोज्वळ वाटायला लागलं.

आता फॉस्फेटची बाटली आणलीय. रोज थेंब-थेंब घालतो.

"म्हणजे डब्याने काढायचं आणि बाटलीने घालायचं?" बायकोने विचारलं. मी 'समतोल' या विषयावर बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात ती उठून गेली.

सध्या रिॲक्टर पाव भरलाय, तेही हात आखडून. आज परत टेस्ट. थेंब मोजताना कुणी बोलायचं नाही, असा घरात नियम आहे. तीन... चार...

"अहो, बादलीचा नळ बंद केलात का?"

चार होते की पाच?