सेंट्रल म्हणजे शहरातलं सर्वांत जुनं स्टेशन? नाही!

परवा भाचीने घरच्या ग्रुपवर तो फिरून फिरून येणारा मेसेज टाकला: ‘तीन मार्ग फुटतात ते जंक्शन. रूळ संपतात ते टर्मिनस. आणि शहरातलं सर्वांत जुनं, सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणजे सेंट्रल.’ ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. हे तिने असंच्या असं पाठ करू नये, म्हणून हा खटाटोप.

आधी ‘जुनं’ बघू. मुंबईतून पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून. मुंबई सेंट्रल सुरू झालं १८ डिसेंबर १९३० रोजी, म्हणजे तब्बल ७७ वर्षांनी! तोवर बीबीसीआय रेल्वेचं (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीचं) शेवटचं स्टेशन कुलाबा होतं. ते बंद झालं, चर्चगेटच्या पुढचे रूळ उखडले गेले आणि लांबच्या गाड्यांसाठी हे नवं स्टेशन बांधलं. चेन्नईतही सेंट्रल १८७३चं, तर रॉयपुरम १८५६चं. गर्दीचं म्हणाल, तर संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभं राहून पाहा.

काही जण सांगतात, ‘सेंट्रल’ मध्य रेल्वेवरून आलं. मुंबई सेंट्रल आहे पश्चिम रेल्वेवर. आणि मध्य रेल्वे स्थापन झाली १९५१ साली. स्टेशनाचं नाव त्याहून २१ वर्षांनी जुनं.

टर्मिनसचा अर्थ बरोबर आहे, पण पाटीवरून तो ओळखता येत नाही. मुंबई सेंट्रलला मेल-एक्सप्रेसच्या फलाटाच्या टोकापर्यंत चालत जा. रूळ बफरपाशी थांबतात, पुढे वाटच नाही. पलीकडच्या फलाटावरून मात्र लोकल बिनदिक्कत चर्चगेटला जातात. आणि चर्चगेटला सगळेच रूळ संपतात, तरी नावात टर्मिनस नाही. कोल्हापूरला रूळही संपतात आणि नावातही टर्मिनस आहे. म्हणजे नाव देणाऱ्याने दिलं तर दिलं.

जंक्शनचं वाक्य तेवढं तिने खुशाल पाठ करावं. कल्याणला मुंबईकडून आलेली वाट फुटते, एक कसाऱ्याकडे, दुसरी कर्जतकडे; मुंबईची धरून झाल्या तीन. मला हा शब्द फार आवडतो. ज्या लॅटिन धातूपासून तो आला, तो आपल्या संस्कृत ‘युज्’चा (म्हणजे ‘जोडणे’) सख्खा भाऊ. त्याच ‘युज्’वरून ‘युग’ आणि ‘युग’वरून आपलं ‘जू’, बैलांच्या मानेवरचं.