दुधाची दाढ पडणारच आहे, म्हणून ती सडू द्यायची?

आज दुपारी सात वर्षांची एक मुलगी आली होती. डावा गाल जबड्याखालपर्यंत सुजून टणक झालेला, अंगात ताप, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय. आईच्या पिशवीत वर्षभराचे कागद. गेल्या वर्षीच्या रूट कॅनालची पावती, नंतर दोन वेळा लिहून दिलेल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या, आणि शाळेतल्या शिबिराचं कार्ड. कार्डावर ‘दातांना कीड, उपचार घ्यावेत’ एवढंच. जिथे जिथे दाखवलं तिथे त्या माउलीला एकच ऐकवलं गेलं, "दुधाचीच दाढ आहे हो, पडणारच आहे."

पडणार आहे, पण कधी? खालची दुसरी दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. ही मुलगी सातची आहे. म्हणजे अजून किमान तीन वर्षं तिला त्या दाढेनं जेवायचंय. त्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यातच पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो आणि दुधाच्या दाढेचा पू नेमका तिथेच साचतो. मग पक्का दात पिवळे-तपकिरी डाग आणि खडबडीत कवच घेऊन वर येतो. दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची पक्की दाढ पुढे सरकते, नव्या दाताची जागा खाते आणि बाराव्या वर्षी आपण तारा बसवायला धावतो.

आता त्या रूट कॅनालबद्दल. एक्स-रेमध्ये मुळांत गट्टापर्चाचे पॉइंट, म्हणजे रबरासारख्या पदार्थाच्या बारीक काड्या, भरलेले दिसले. मोठ्यांच्या पक्क्या दातात भरतात तेच. दुधाच्या दाताची मुळं खालचा दात वर येताना आपोआप झिजत जातात, म्हणून आत भरलेला मालही त्यांच्याबरोबर विरघळायला हवा. त्यासाठी झिंक ऑक्साइड युजेनॉल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची पेस्ट असते. गट्टापर्चा विरघळत नाही. तो तसाच राहतो आणि पक्क्या दाताच्या वाटेत आडवा येतो. हे बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, अभ्यासक्रमात आहे, कुणी नवीन शोधलेलं नाही! शिवाय वर कॅप नाही, नुसतं सिमेंट. वरून दुधाच्या दाढेच्या भिंती पातळ. सिमेंट कडेनं सुटलं, लाळ आत गेली, जंतू परत आले. या दाढेला स्टीलची तयार कॅप त्याच आठवड्यात बसायला हवी होती.

आणि आधीचा एक्स-रे? पिशवीत एकही नव्हता. कारण बहुतेक दवाखान्यांत मोठ्यांच्या मापाचाच सेन्सर असतो. तो मुलाच्या तोंडात टोचतो, उलटी येते, मूल रडतं आणि ‘राहू दे’ म्हणून पुढे जातात. लहान मुलांसाठी शून्य नंबरची फिल्म मिळते. ती आणून ठेवायला काय अडतं? दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही. दिसेपर्यंत ती नसेपर्यंत पोचलेली असते, कारण दुधाच्या दाताचं कवच पातळ आणि आतली नस तुलनेनं मोठी.

अँटिबायोटिकचंही सांगते. आज त्या मुलीला ते द्यावंच लागलं, कारण सूज पसरत होती आणि ताप होता. पण नुसती दाढ दुखते किंवा हिरडीवर पुळी आली म्हणून सिरप लिहून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे. नस मेलेल्या दाढेत रक्तपुरवठाच नाही, औषध आत पोचणार कसं? पू थोडा ओसरतो, घरच्यांना वाटतं बरं झालं, दोन महिन्यांनी गाल परत सुजतो. दाढ आतून साफ करा नाही तर काढा, मधला रस्ता नाही.

मान्य आहे, मुलांचं काम वेळखाऊ आहे. पहिली भेट नुसती ओळख करून घेण्यात जाते आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. ‘दुधाच्या दाताला इतका खर्च?’ असं विचारणारे पालकही रोज भेटतात. तरीसुद्धा ज्याला जमत नाही त्यानं मुलांच्या दातांच्या तज्ज्ञाकडे पाठवावं. तज्ज्ञ गावात नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांसाठी वेगळा विभाग आहे. अर्धवट काम करून ठेवू नये.

पालकांवर मला राग नाही. त्या आईनं सांगितलं ते सगळं केलं होतं, दर वेळी मजुरी बुडवून. तिला कुणी सांगितलंच नाही की पहिला दात आला की दिवसातून दोनदा ब्रश सुरू करायचा, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी पेस्ट, त्यात फ्लोराइड १००० पीपीएम. ट्यूबच्या मागे आकडा बघा, मुलांच्या नावानं विकल्या जाणाऱ्या कितीतरी पेस्टमध्ये तो कमी किंवा शून्य असतो. पेस्ट थुंकायची, खळखळून चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी धरायचा. रात्री ब्रश झाल्यावर दूध नाही, बाटली नाही, गोड कफ सिरपही नाही. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, एवढा अपवाद.

वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर थांबू नका. ती किडीची सुरुवात आहे आणि त्या टप्प्यावर ड्रिल न लावता थांबवता येते. पाच टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश, दात कापसानं पुसून पातळ थर, दर तीन ते सहा महिन्यांनी. त्या दिवशी कडक-गरम खाणं नाही, रात्री ब्रश नाही.

दुसरी गोष्ट, सहाव्या वर्षाची दाढ. ती कुठलाही दात न पडता सगळ्यात मागे हळूच येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की आहे, जन्मभराची. आजच्या मुलीच्या त्या दाढेच्या खाचाही काळ्या पडायला लागल्या आहेत. दाढ पूर्ण वर आली की खाचा सीलंटनं, म्हणजे पातळ संरक्षक लेपानं, बंद करून घ्या. सीलंट लावताना दात कोरडा हवा, लाळ लागली तर तो काही महिन्यांत निघून जातो आणि मग ‘सीलंटचा उपयोग नाही’ असं खापर फुटतं.

इंजेक्शनच्या भीतीवर खूप बोललं जातं, डोसवर कुणी बोलत नाही. बधिर करायच्या दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. मुलांसाठी मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिलीटर, त्यापुढे एक थेंबही नाही. त्यासाठी दवाखान्यात वजनकाटा हवा. भिंतीवर कार्टून रंगवलेली पुष्कळ पाहिलीत, वजनकाटा क्वचित दिसतो. सुई टोचण्याआधी हिरडी पुसून बधिर करणारं जेल एक मिनिट ठेवा, ओल्या हिरडीवर ते काम करत नाही. आणि घरी पाठवताना सांगा, बधिरपणा जाईपर्यंत, दोन-तीन तास, मूल ओठ चावत नाही ना यावर लक्ष ठेवा. नाही तर दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा पडतो आणि सगळे घाबरतात.

हात-पाय धरून, दरडावून काम उरकणाऱ्यांना काय म्हणावं! आज ती मुलगी खुर्ची पाहूनच थरथरत होती. आधी सांगा, मग आरसा, हवा, पाणी तिच्या बोटावर दाखवा, मग तोंडात करा. तीन वर्षांखालचं मूल आईच्या मांडीवर, डोकं डॉक्टरच्या मांडीवर. इतकी साधी पद्धत आहे.

आता शिबिरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरलाच सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी, यादीत दातांचे आजारही आहेत. योजना चांगली आहे. पण तपासणीनंतर मूल उपचाराला पोचलं का, हे कोण बघतं? खासगी शिबिरांत तर टॉर्च, पेस्टचं सॅम्पल, फोटो आणि बॅनर. एकच आरसा द्रावणात बुडवून पुढच्या मुलाच्या तोंडात घातलेलाही पाहिलाय. ते निर्जंतुकीकरण नव्हे. १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह केलेले, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेले, आरसे मुलांच्या संख्येइतके न्या, किंवा एकदा वापरून टाकायचे न्या, नाही तर शिबिर घेऊ नका.

शिबिरात उपचारही होऊ शकतो. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, कीड थांबवणारं द्रावण, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलेलं. एक थेंब चार-पाच दातांना पुरतो. ओठांना व्हॅसलीन लावा, दात कोरडा करा, छोट्या ब्रशनं मिनिटभर किडीवर लावून ठेवा. वीज नको, ड्रिल नको, सुई नको. किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे पालकांना आधी फोटो दाखवून सांगा आणि लेखी संमती घ्या. नस उघडी पडलेल्या किंवा पुळी आलेल्या दाताला ते लावायचं नाही. त्या सात वर्षांच्या मुलीच्या दाढेला पहिल्या वर्गात असताना कुणी हा एक थेंब लावला असता तर कदाचित रूट कॅनालची वेळच आली नसती. सूज उतरली की ती दाढ काढावी लागणार आहे आणि जागा राखायला मागच्या दाढेवर बँड-लूप, म्हणजे कडं आणि त्याला जोडलेली तारेची कमान, बसवावा लागणार आहे.

या वर्षी तुमच्या शाळेत, मंडळात, क्लबात दंत शिबिर ठरत असेल तर आयोजकांना आधी तीन प्रश्न विचारा. आरसे किती आहेत, व्हार्निश आणि सिल्व्हर फ्लोराइड आणणार का, आणि पुळी किंवा सूज असलेल्या मुलांना कुठे, कोणत्या तारखेला पाठवणार? नावांच्या यादीची एक प्रत मुख्याध्यापकांकडे राहू द्या. सहा महिन्यांनी त्याच मुलांची तोंडं परत उघडून पाहायची आहेत, तारीख आजच ठरवा.